तिसरे कोटेशन

सोमवार, १ मार्च १९५४. बेहाला, कलकत्ता

सकाळी चहाच्या आधी मामांनी एक रबरी शिक्का हातात ठेवला. वर माझे नाव, डी. जी. ताम्हणकर, खाली डेकोरेटर्स अँड बिल्डर्स, त्याखाली बागबाजारचा पत्ता. बागबाजारला मामांचे जुने गुदाम आहे. आत मोडक्या खुर्च्या आणि उंदीर. म्हणजे माझी कंपनी उंदरांसकट सुरू झाली.

मामा म्हणाले, "हुरळून जाऊ नकोस. तीन कोटेशनं लागतात, तिसरं नाव मिळत नव्हतं."

पहिले कोटेशन मामांचे स्वतःचे. दुसरे घोषबाबूंचे, ते मामा सांगतील तो आकडा घालतात. तिसरे दासबाबू देत असत, पण ते आता काशीला राहायला गेले. म्हणून मी.

काम डलहौसीकडच्या एका सरकारी ऑफिसचे. त्यांच्या मोठ्या हॉलमध्ये थंड हवेचे यंत्र बसणार आहे. छत एकोणीस फुटांवर. एवढ्या उंचीपर्यंत हवा थंड करणे परवडत नाही, तेव्हा बारा फुटांवर दुसरे छत टांगायचे. मामा सीलिंग म्हणतात. मला तक्तपोशी हाच शब्द सुचतो. राजापूरच्या घरी तक्तपोशी होती, तिच्यावर आंबे पिकत घालीत. हिच्यावर काही घालायचे नाही, ती स्वतःच लोंबणार.

तिथले मोठे साहेब करमरकर. दिल्लीहून बदलून आलेले, आपल्यातलेच. इथल्या मराठी मंडळात मामांच्या शेजारी बसतात. काम मामांना मिळणार हे ठरलेलेच आहे, बाकीचे कागदापुरते.

शिक्का कोऱ्या कागदावर चार वेळा उमटवून पाहिला. मग कागद फाडून टाकला.


मंगळवार, २ मार्च

मापे घेतली. बरोबर मामांकडचा सुतार निताई मिस्त्री. हॉल साठ फूट बाय चोवीस. बोर्ड आठ बाय चारचे येतात, म्हणजे पंचेचाळीस बोर्डांत हॉल पुरा. इतका सोयीचा हॉल मी पाहिलेला नाही, म्हणून तिरकी मापे घेतली. दोन तिरक्या मापांत पाच इंचांचा फरक. भिंती काटकोनात नाहीत. कडेचे बोर्ड कापावे लागणार, चार जास्तीचे धरले.

खाली तीस-बत्तीस कारकून काम करीत होते. टेप डोक्यावरून गेली तरी कोणी वर पाहिले नाही. एक म्हातारे गृहस्थ मात्र म्हणाले, "ठंडा कब होगा? हमारे रिटायर होने के बाद?"

तिथल्या बडोबाबूंनी, म्हणजे हेडक्लार्कनी, माझे नाव विचारले. ताम्हणकर सांगितल्यावर चष्मा वर केला. "मराठा? बर्गी?" बर्गी म्हणजे दोनशे वर्षांपूर्वी बंगाल लुटायला आलेले आपले घोडेस्वार. मी हो म्हटले, काय म्हणणार. पत्ता बागबाजार ऐकल्यावर त्यांना फार मजा वाटली. बर्गी येऊ नयेत म्हणून आमच्या लोकांनी तिथूनच तर खंदक खणायला घेतला होता, आणि तुम्ही त्याच्याच काठावर दुकान टाकले, असे बंगालीत सगळ्या खोलीला सांगितले. सगळे हसले. मीही हसलो. हसायला नको होते.


गुरुवार, ४ मार्च

दोन दिवस आकडेमोड केली. बोर्ड, सागाच्या पट्ट्या, लोखंडी हूक आणि सळ्या, खिळे, रंगाचे दोन हात, बांबूची परांची, पंख्याच्या दांड्या कापून आखूड करणे, मिस्त्री, मजूर, ठेलागाडी. चौरस फुटाला एक रुपया दहा आणे आठ पै. तीनदा केले, तीनदा तेवढेच आले.

मामांनी कागद घेतला आणि शेवटची ओळ तेवढी पाहिली. मधल्या ओळी ते पाहत नाहीत. मी काढलेला खर्च धरायचा आणि वर आपला नफा घालायचा, अशी त्यांची सहा वर्षांची रीत आहे. माझी बेरीज ते तपासत नाहीत, आणि मी चुकलो असेही आजवर झालेले नाही. एवढी एकच गोष्ट या घरात माझी आहे.

म्हणाले, "लिहून घे. माझा एक रुपया बारा आणे. घोषबाबूंचा एक-तेरा. तुझा एक-चौदा. तू हरायचंस. नीट हर."

मामी आतून म्हणाल्या, "त्याला शिकवायला कशाला हवं?"


सोमवार, ८ मार्च

हायकोर्टाजवळच्या टायपिस्टाकडून कोटेशन टाईप करून घेतले. त्याच्या दोन चुका निघाल्या, पान बदलायला लावले. इंग्रजी मला बोलता येत नाही, पण चुकलेला शब्द दिसतो. तो कुरकुरत होता. "सरकारी काम में इतना कौन देखता है."

शिक्का मारला, सही केली, लाख लावली आणि बडोबाबूंच्या खोलीतल्या पेटीत पाकीट टाकले. मुदत शुक्रवार दुपारी तीनपर्यंत. मामा कालपासून बजबजला आहेत, ज्यूट मिलच्या बंगल्याचे काम. ते येईपर्यंत माझे काम झालेले बरे, असे वाटले. कोणी टाकले का म्हणून विचारले की मला 'नाही' म्हणवत नाही.

पेटीत आत काही नव्हते. पाकीट पडल्याचा आवाज झाला.


शुक्रवार, १२ मार्च

नीट लिहितो.

तीन वाजता पाकिटे उघडली. हजर मी, घोषबाबूंचा माणूस आणि मामांच्या वतीने कोणी नाही. मामा तिथे बसत नाहीत, बरे दिसत नाही म्हणतात. बडोबाबूंनी मोठ्याने वाचले. घोष, दोन रुपये बारा आणे. मामा, दोन रुपये आठ आणे. ताम्हणकर, एक रुपया चौदा आणे.

मला वाटले वाचण्यात चूक झाली. पुढे जाऊन पाहिले. चूक नव्हती. मामांच्या कागदावर दोन-आठच होते, अक्षरातही.

बडोबाबू माझ्याकडे चष्म्यावरून बघत राहिले. "तुम ही ताम्हणकर? हम तो सोचा कोई बूढ़ा आदमी होगा." मग हिशोबनिसाला म्हणाले, "बर्गी शोस्ताय दिच्छे." बर्गी स्वस्तात देतोय. या वेळी कोणी हसले नाही.

घरी ट्रॅमने न जाता चालत आलो. खिदिरपूरच्या पुलावर बराच वेळ उभा होतो.


शनिवार, १३ मार्च

मामांना काल घोषबाबूंकडून कळलेच होते. मी आलो तेव्हा जेवले नाहीत. आज सकाळी बोलले.

"तीन वाजेपर्यंत मुदत असताना आठ तारखेला पाकीट टाकणारा गाढव मी आयुष्यात पाहिला नाही. या धंद्यात कोणी पावणेतीनच्या आधी टाकतं का? शेवटच्या तासात आकडे बदलतात, म्हणून तर ती पेटी रिकामी असते. तुला रिकामी दिसली नाही?"

दिसली होती.

त्यांच्या तोंडून तुकड्यातुकड्यांनी कळले ते असे. दहा तारखेला करमरकर साहेबांनी त्यांना घरी बोलावले. मुलीचे लग्न ठरले आहे, मे महिन्यात. पलंग, दोन कपाटे, आरशाचे टेबल, सगळे बर्मा सागाचे हवे. पैशांचे नाव साहेबांनी काढले नाही, फक्त म्हणाले, "तेवढं सीलिंगमध्ये बसवून घ्या." मामांनी तिथल्या तिथे आपला दर दोन-आठ केला, घोषबाबूंचा दोन-बारा केला. माझा शुक्रवारी ऐन वेळी बदलू म्हणून ठेवला आणि मग ध्यानातच राहिले नाही; माझे पाकीट अजून घरातच असणार असे ते धरून चालले होते.

मी म्हटले, "तुम्ही मला सांगितलं नाहीत."

"पोराला काय सांगायचं त्यात?"

मामांच्या सुतारकामाच्या कारखान्यात पलंग अर्धा झालेला आहे. गुरुवारी त्याच्या खुरांना मीच काचकागद घासला. कोणाचा आहे विचारले तेव्हा निताई म्हणाला, "जामाइबाबूर." कोणाच्या तरी जावयाचा. तेव्हा काही वाटले नाही.


सोमवार, १५ मार्च

मामांनी मजकूर सांगितला, मी लिहून घेतला. 'आकडेमोडीत आमच्या हातून चूक झाल्याने दर कमी लागला आहे, तरी आमचे कोटेशन रद्द समजावे.' खाली माझी सही, माझा शिक्का. मग दुसऱ्या क्रमांकाला काम जाईल, म्हणजे मामांना. माझ्या कोटेशनची अनामत रक्कम मामांनी भरलेली, ती बुडेल. त्याचे ते काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते.

मी म्हटले, "कारण दुसरं लिहू का? माणसं मिळत नाहीत, प्रकृती ठीक नाही."

"ऑडिट उद्या विचारेल, प्रकृती बिघडली तर दर कसा बिघडला? चूक लिही. चुकीला कोणी काही म्हणत नाही."

चूक झालेली नाही. मी पुन्हा केले. एक रुपया दहा आणे आठ पै.

उद्या देतो म्हटले.


बुधवार, १७ मार्च

दिले नाही. मामी चहा देताना म्हणाल्या, "आधी ताम्हणकर कंपनीला द्या, मग आपण पिऊ." मामा हसले. मामींच्या बोलण्यात तेढ असते तरी वाढताना हात आखडत नाहीत, हे लिहून ठेवले पाहिजे, नाहीतर मी अन्याय करतो आहे.

पण मामांचे हसणे.


शनिवार, २० मार्च

निताईला सहज विचारले, हे काम मी घेतले तर येशील का. सहज नव्हते, तीन दिवस ठरवीत होतो. तो रंधा मारीत होता, थांबला नाही. माझ्या नावाचे बंगालीत दोत्तो करून म्हणाला, "दोत्तोबाबू, हप्त्याला रोख द्याल तर येईन. तुमचे मामाही रोख देतात. मामा शिव्या वर देतात, त्या तुम्ही कापून घ्या."

मी गंभीरपणे विचारतो आहे म्हटल्यावर थांबला. पलंगाकडे बोट केले. "आणि हा? याचे पैसे कोण देणार? साग तर कापून झाला."

याचा मी विचारच केला नव्हता. साग मामांनी उधारीवर आणला आहे. सीलिंग त्यांना मिळाले नाही तर पलंग त्यांच्या अंगावर. साहेबांकडे बिल मागता येणार नाही, कारण कागदावर साहेबांनी मागितलेलाच नाही.

मला मामांची कीव यायला हवी. आली, पण उशिरा आणि थोडी.


मंगळवार, २३ मार्च

बागबाजारच्या पत्त्यावर पत्र आले. गुदामाच्या शेजारचा पानवाला घेऊन ठेवतो. कोटेशन मंजूर. दोन आठवड्यांत येऊन करारावर सही करावी. आणि खाली एक नवे कलम, आधीच्या कागदांत नव्हते: काम फक्त ऑफिस सुटल्यावर रात्री आणि रविवारी करावे. खाली करमरकर साहेबांची सही.

मामांना दाखवले. त्यांनी वाचले, आणि प्रथमच जरा मऊ बोलले. "हे तुझ्यासाठी आहे. मला दिवसा करू दिलं असतं. साहेब तुला सांगतायत, बाळ, सोड."

रात्रीची मजुरी दीडपट. पुन्हा मांडले. एक रुपया तेरा आणे दोन पै. माझा दर एक-चौदा. फुटामागे उरतात दहा पै. सबंध हॉलचे पंचाहत्तर रुपये. एक बोर्ड पडून फुटला, एक रविवार पावसात गेला, दरवानाने दार उघडायला दोनदा हात पुढे केला, की संपले.

पण तोटा नाही. हे मी दोनदा लिहितो. तोटा नाही.


रविवार, २८ मार्च

आईचे पत्र. मामांनी तिला लिहिलेले दिसते. 'मामाच्या शब्दाबाहेर जाऊ नकोस. त्याने तुला पदरी घेतले तेव्हा तू फायनल नुकता पास झालेला, अंगात सदरा नव्हता.' सदरा होता. बाकी खरे आहे; फायनल म्हणजे मराठी सातवी, तेवढेच शिक्षण.

कॅनिंग स्ट्रीटच्या बोर्डवाल्याकडे काल जाऊन आलो. सरकारी ऑर्डर दाखवली तर तो महिनाभर थांबतो. माल हॉलमध्ये पोचला की ऑफिस तिसरा हिस्सा देते. मजुरीपुरते पैसे पोस्टात माझे आहेत, जेमतेम. म्हणजे होऊ शकते. होऊ शकत नाही असे निघाले असते तर मी सुटलो असतो.


रविवार, ४ एप्रिल. पाडवा

मामींनी गच्चीवर गुढी उभारली. खालच्या मजल्यावरच्या बंगाली काकूंनी साडी वाळत घातली आहे असे समजून वारा सुटल्यावर हाक मारली. दरवर्षी मारतात.

संध्याकाळी मंडळात गेलो. श्रीखंड होते. करमरकर साहेबांचे भाषण झाले. कलकत्त्यातला मराठी माणूस फक्त नोकरीच करतो, धंद्यात उतरत नाही, तरुणांनी हिंमत केली पाहिजे, आपल्या माणसाने आपल्या माणसाला पुढे आणले पाहिजे. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. हात आपोआप वाजतात.

नंतर पाण्याच्या पिंपाजवळ गाठ पडली. साहेब एकटे होते. खांद्यावर हात ठेवला. "ताम्हणकर ना तू? विष्णुपंतांचा भाचा. हुशार आहेस असं ऐकतो. किती शिकलास?"

"फायनल."

"बरं. मग एवढं मोठं काम कसं रे घेतलंस अंगावर? पोरवय आहे. जरा मामांचं ऐकावं. मी तुझ्या भल्याचं सांगतो." हात खांद्यावरच होता. "माणसाचं एकदा सरकारदरबारी नाव खराब झालं की ते निघत नाही."

मी "हो" म्हटले. त्यांची मुलगी मागे उभी होती, बाबा चला म्हणत होती. अबोली रंगाची साडी. बिचारीला पलंगाचे काहीच माहीत नसणार. किंवा लांबी-रुंदी तिनेच सांगितली असेल. काय माहीत.

माझे नाव खराब होण्याइतके मोठे आहे, हे साहेबांनीच प्रथम सांगितले.


सोमवार, ५ एप्रिल

आज मामांनी नवीनच काढले. दुपारी कारखान्यात मला समोर बसवले, स्वतः पाटावर बसले, खुर्ची मला दिली. मग म्हणाले, "घे काम."

माघारीच्या पत्राचे काय ते विचारले.

"माघारीचं पत्र आता नको. कागद हिशोब खात्यात गेलेत, तू माघार घेतलीस तर सगळं नव्यानं मागवतील, मग कोण कुठला येईल. घे तू. नाव तुझं, काम माझं. एक-चौदामध्येच बसवतो मी सगळं. साहेबांशी बोललोय, ते रात्रीचं कलम काढतील."

कसे बसवणार ते विचारले.

बोर्ड अर्ध्या इंचाचा धरला आहे, तिथे तीन सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग पातळ. सागाच्या पट्ट्यांच्या जागी आंब्याच्या, रंग दिल्यावर कळत नाही. आणि हूक दोन फुटांवर धरले आहेत ते चारावर. "निम्मं लोखंड, निम्मी मजुरी. कोटेशनात अंतर कुठं लिहिलंय? आणि वरचं कोण बघणार? एकदा बोर्ड लागला की वरची सात फूट जागा देवाची."

मी म्हटले, "मामा, दिव्यांचा भार त्याच पट्ट्यांवर येणार. यंत्राची हवा येते तो पत्र्याचा बोगदा वरून जाणार, बसवणारे लोक पट्ट्यांवर पाय देणार. खाली तीस माणसं बसतात."

"चार फुटांवर टांगलेली छतं मी चाळीस पाहिलीत."

"पडलं तर?"

मामी डबा घेऊन आल्या होत्या, दारातच ऐकत उभ्या होत्या. नेहमीच्या सुरात म्हणाल्या, "पडलं तर ताम्हणकर कंपनी." मग त्यांचे त्यांनाच कळले असावे. डबा ठेवला आणि पदराने पलंगाची धूळ पुसत राहिल्या, नुसती.

मामांनी त्यांच्याकडे पाहिले नाही, माझ्याकडेही नाही. ते वाईट नाहीत. साग कापून झालेला आहे, घेणेकरी दारात येतो, सहा वर्षांत मला एकदाही घराबाहेर जा म्हणाले नाहीत. हे सगळे खरे आहे आणि हूक चार फुटांवर हेही खरे आहे. मला दोन्ही एका बाजूला मांडता येत नाही.

जाताना म्हणाले, "उद्या सही करून ये. पाडव्याचा मुहूर्त गेला, पण चालेल. तुझ्या नावाची पाटीसुद्धा लावू बागबाजारला. रंगवून घेऊ."

पाटीचे ऐकून क्षणभर बरे वाटले. त्याची लाज वाटते.


मंगळवार, ६ एप्रिल

ऑफिसात गेलो. करार तयार होता. बडोबाबूंच्या शेजारी एक ओव्हरसियर बसला होता, नवाच, तरुण, माझ्याच वयाचा. मुदतीचा आजचाच शेवटचा दिवस.

बडोबाबू म्हणाले, "आओ बर्गी." पण आज खुर्ची दिली. करार माझ्यापुढे सरकवला. रात्रीचे कलम अजून होते, कोणी काढलेले नव्हते. मामा म्हणाले होते साहेब काढतील. विसरले असतील, किंवा माझी सही झाल्यावर काढणार असतील.

ओव्हरसियर कोटेशन चाळीत होता. चांगले लिहिले आहे म्हणाला, सगळे आहे, बेरीज बरोबर आहे, एकच गोष्ट दिसत नाही. टांगणीचे हूक किती अंतरावर?

मामांचे सांगणे आठवत होते. 'नियमाप्रमाणे' म्हणायचे, आकडा द्यायचा नाही. मी तोंड उघडले ते तसे म्हणायलाच.

"दो फुट," म्हणालो.

"दोनों तरफ से?"

"दोनों तरफ से."

त्याने माझ्या देखत करारात शाईने घातले. हूक दोन फुटांवर, उभे आणि आडवे. बडोबाबूंनी बाजूला आद्याक्षरे घातली, वर टीपकागद दाबला. मग लेखणी माझ्याकडे केली.

मी लेखणी घेतली नाही. म्हटले, उद्या सही करतो, घरी वडीलमाणसांना विचारायचे आहे. ओव्हरसियरला ते आवडलेले दिसले नाही. बडोबाबूंनी घड्याळाकडे पाहिले, मग माझ्याकडे. बंगालीत म्हणाले ते एवढे समजले: साहेब आज दौऱ्यावर आहेत, उद्या अकराला येतील, त्यांच्या आधी आलास तर आजची तारीख घालू, नंतर आलास तर माझ्या हातात काही नाही.

हॉलमधून बाहेर आलो. ते म्हातारे गृहस्थ डबा उघडून बसले होते. या वेळी त्यांनी काही विचारले नाही, फक्त वर छताकडे पाहून आपली खुर्ची थोडी मागे घेतली. डाळीवर वरून काही पडू नये म्हणून असेल. तिथे पाकोळ्यांचे घरटे आहे.

आता दोन फूट कागदावर आहे. सही केली तर दोन फुटांवरच करावे लागेल, म्हणजे मामांच्या सागाचे काही निघणार नाही, आणि काम मी व निताई दोघांनी रात्री करायचे, फुटामागे दहा पैसाठी. सही केली नाही तर मुदत टळून जाईल, नवी कोटेशने मागवतील, माझ्या नावापुढे काय शेरा पडायचा तो पडेल. तिसरे काही उरलेले नाही, ते मीच संपवले. हिंमत म्हणून की तोंडातून निघून गेले म्हणून, हे मला स्वतःला सांगता येत नाही.

मामांनी आल्याबरोबर विचारले, "झाली?" मी म्हटले, "उद्या अकराच्या आत." ते "बरं" म्हणाले. दोन फूट सांगितलेले नाही.

मामींनी दोनदा हाक मारली. पाने मांडली आहेत. मामा पाटावर बसून थांबले आहेत, भात निवतो आहे. मी येऊन बसल्याशिवाय ते पहिला घास घेत नाहीत. सहा वर्षांत एकदाही घेतलेला नाही.